मालतीबाई आणि एक न दिलेले प्रमाणपत्र

मालतीबाई तांडेल यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेल्या. उधव्याच्या बाजूला असलेल्या त्या शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका आमच्या कर्मचाऱ्यांना मुलांची औषधे द्यायला शिकवणार, असे पत्र आले होते. मी कार्यालयात खुर्ची मांडून वाट पाहत होतो. बाई चिंचणीहून एसटी बदलत आल्या आणि थेट मागच्या बाजूला गेल्या. तिथे भांडी घासणे चालू होते. "यांचं आटपू द्या, मग वर्ग सुरू करू," असे म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या.

आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गौरवग्रंथासाठी लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा मला संकोच वाटला. त्याचे कारण लिहिणे हाच या लेखाचा हेतू आहे.

आश्रमशाळेत मुले घरापासून दूर राहतात. कुणाला फिट्स येतात, कुणाला दमा, कुणाला सिकलसेल. डॉक्टर औषध लिहून देतात, पण ते रोज द्यायचे कुणी? आमच्याकडे जो हाताशी असेल तो देई, आणि कुणी नसेल तर ते राहून जाई. मालतीबाईंनी डहाणू आणि तलासरीच्या शाळाशाळांत जाऊन वरकाम करणारे कामाठी, अधीक्षिका, कारकून यांना शिकवले. मूल तेच आहे ना, गोळी तीच आहे ना, किती द्यायची, केव्हा, कशी. आणि दिल्याबरोबर नोंद. तीन महिने त्या अधूनमधून येऊन काम तपासत, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. शिकण्याचे तीन महिने संपले की प्रमाणपत्र नसलेल्याने औषधाच्या कपाटाला हात लावायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

चूक लपवणे त्यांना खपत नसे. एका वर्गात एक अधीक्षिका चुकीची गोळी दिल्याचे सांगताना रडू लागल्या. मालतीबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "नोकरीला नवीन असताना मी एकीचं इंजेक्शन दुसरीला दिलं होतं. लगेच डॉक्टरांना सांगितलं म्हणून ती बाई वाचली. तुम्हीही सांगितलंत, बस झालं," असे त्या म्हणाल्या. सगळा वर्ग ऐकत होता. मीही मागे उभा होतो.

आमच्या शाळेतून शिकणाऱ्यांत जानकीबाई धोडी होत्या. स्वयंपाकघरात कामाठी, शाळेत कधी न गेलेल्या. मालतीबाईंनी प्रत्येक मुलीच्या औषधाच्या डब्यावर तिचा फोटो चिकटवून दिला होता आणि नोंदवहीत नुसती खूण करायची सोय केली होती. तीन महिन्यांत जानकीबाईंची एकही चूक झाली नाही. सातवीतली सविता फिट्सच्या गोळीला कंटाळायची. जानकीबाई तिला हाताला धरून आणत आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नसत.

परीक्षेच्या समितीवर मालतीबाई, एक वैद्यकीय अधिकारी आणि मी होतो. वेष्टन वाचता आल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये, असे मी म्हणालो.

"मना वाचता नाय येत, सर," जानकीबाई म्हणाल्या, "पन कोणाची गोळी कोणती ती मना ठाव हाय."

मालतीबाईंनी माझी समजूत घालून पाहिली. त्यांची तोंडी परीक्षा घेऊ, डबे भरायला अधीक्षिका मदत करतील, असे त्यांनी सुचवले. "उद्या काही झालं तर माझ्यावर येईल," हे माझे उत्तर होते. अधिकारी माझ्या बाजूने झाले. प्रमाणपत्र आमच्या कारकुनांना मिळाले. ते चांगले वाचत, पण आठवड्यातले दोन दिवस कामानिमित्त बाहेर असत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते बैठकीसाठी गेले आणि तीन दिवस आले नाहीत. कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाई कार्यालयाच्या दाराशी आल्या.

"सर, सविताची गोळी ऱ्हायली. कालची पन. किल्ली द्या."

"तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही, बाई. ते आले की देतील," मी म्हणालो. मी स्वतःही उठलो नाही. नियमाप्रमाणे मलाही परवानगी नव्हती, असे मी मनाला सांगितले. दवाखान्यात फोन करून विचारता आले असते. तेही केले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नळावर ताट धुताना सविताला फिट आली. ती सिमेंटच्या कट्ट्यावर आपटली. पुढचे दोन दात पडले, कोपर मोडले. ते पुढे कधी पूर्ण सरळ झाले नाही. तिचे वडील तिला पाड्यावर घेऊन गेले आणि ती शाळेत परत आली नाही.

चौकशीत, गोळी का राहिली, असे विचारले गेले. मी खाली मान घालून बसलो. मालतीबाई उभ्या राहिल्या. "परीक्षेची पद्धत मी मान्य केली होती. एका शाळेत एकच माणूस तयार केला, ही कमतरता माझी," असे त्यांनी सांगितले. जानकीबाई माझ्याकडे किल्ली मागायला आल्या होत्या, हे मालतीबाईंना त्यांच्याकडून कळले होते. ते त्यांनी तिथे सांगितले नाही; सांगायचे होते ते मी, आणि मी गप्प राहिलो. दोष मालतीबाईंवर आला आणि त्यांचे वर्ग वर्षभर बंद राहिले.

पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यांनी तोंडी परीक्षा आणली आणि प्रत्येक शाळेत दोन माणसे तयार करण्याचा आग्रह धरला. त्या बंद वर्षातही त्या दर महिन्याला सविताच्या पाड्यावर जात आणि तिला स्वतःची गोळी स्वतः घ्यायला शिकवत. जानकीबाई मात्र शाळा सोडून नरपडला चिकूच्या वाडीत कामाला लागल्या होत्या. प्रमाणपत्रासाठी मालतीबाई दोनदा त्यांना बोलवायला गेल्या. दोन्ही वेळा जानकीबाईंनी चहा दिला आणि "आता नको, सिस्टर," एवढेच म्हटले.

हा लेख लिहिण्याआधी मी चिंचणीला जाऊन मालतीबाईंना सगळे वाचून दाखवले. एवढी वर्षे तुम्ही मला एक शब्दही का बोलला नाहीत, असे मी विचारले.

"तुम्ही कधी बोलाल याची वाट पाहत होते," त्या म्हणाल्या. "पण हे मला वाचून दाखवून काय उपयोग? जानकी आणि सविता हे पुस्तक वाचणार नाहीत."

मी म्हणालो, मी दोघींकडे जाईन, पण एकट्याने जायचा धीर होत नाही.

"मी येते. पण बोलायचं तुम्ही."

मालतीबाईंचे गुडघे आता दुखतात, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. त्या दुखण्याला उतार पडो, त्यांची दृष्टी आणि आवाज असेच राहोत, शंभरी त्यांनी आपल्या माणसांत पाहावी, ही प्रार्थना. आम्ही आधी नरपडला आणि मग सविताच्या पाड्यावर जायचे ठरवले आहे. या वेळी गाडी मी घेऊन जाणार आहे.