गच्चीवरचा गहू आणि सुलूचे बोंबील

आमच्या बिल्डिंगला चार मजले, सोळा घरं आणि गच्ची एकच. सेक्रेटरी मी, कृष्णकांत. बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, काका, तुम्हाला वेळ आहे, तुम्हीच व्हा. झालो बापडा. तेव्हापासून डोक्याला ताप, आणि त्यातला निम्मा एकट्या सुलूचा. म्हणून तिचीच गोष्ट सांगतो.

सुलू चिंचणीच्या कोळीवाड्यातली. वय साठीला आलेलं, आवाज असा की तिनं खालून हाक मारली तर चौथ्या मजल्यावरचा माणूस गॅस बंद करून बाहेर येतो. नवरा गेला, होडी विकली. मुलगा प्रीतम एमआयडीसीत लागला, त्यानं इथं घर घेतलं आणि आईला आणलं. पहिला महिनाभर बाई नुसती खिडकीत बसून. "भाऊ, मी काय शोकेसमधली भावली हाय?" असं मला विचारायची. मग एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. ऊन पाहिलं, वारा पाहिला आणि चेहराच उजळला तिचा. दुसऱ्या दिवशी चिंचणीहून ओल्या बोंबलांची पाटी हजर! बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबलांची तोरणं. सुकले की बाजारात नेऊन बसायची, घासाघीस करायची, भांडायची, हसायची. पुन्हा माणसात आली.

वास? येणारच की हो. मी पडलो किनाऱ्यावरच्या घिवली गावचा, मला तो वास आला की भूक लागते. पण सोळा घरांत कोण नाही? तळमजल्यावर दुकानवाले मेहुलभाई, त्यांच्या घरात कांदाही चालत नाही. ओडिशाची दोन घरं, केरळचं एक. आणि तिसऱ्या मजल्यावर बिहारची फुलकुमारी, नवरा आणि दोन पोरींसह.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या हातात अर्ज पडला: गच्चीवरचे बोंबील हटवा. पहिली सही फुलकुमारीची! मी चकित. ही बाई एरवी सुलूकडूनच ताजी मासळी मागवायची. विचारलं तर म्हणाली, "कातिक है, सेक्रेटरी साहब." त्यांचा कार्तिक आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि छठपूजा होईपर्यंत घरात मासळी नाही. त्यात सासू गेल्या साली वारली, आणि तिचं छठचं व्रत यंदा सुनेकडे आलं. गावच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही, म्हणून पहिलंच व्रत बोईसरला करायचं. प्रसादाच्या ठेकुव्याचा, म्हणजे तळलेल्या गोड पुऱ्यांचा, गहू धुऊन उन्हात वाळवायचा आणि डोळ्यांत तेल घालून राखायचा. एका पाखराची चोच लागली की सगळा गहू बाद. आणि सुलूच्या बोंबलांपायी आमच्या गच्चीवर गावभरचे कावळे!

मी छठनंतरच्या रविवारी मीटिंग लावली. तोवर तोडगा म्हणून खडू घेतला आणि गच्चीच्या मधोमध रेघ मारली. इकडे गहू, तिकडे बोंबील. स्वतःवर खूशही झालो. मग सुलूला जाऊन सांगितलं, रविवारी बहुमत झालं तर बोंबील बंद करावे लागतील. ती वळून दोरीवरचे बोंबील सारखे करायला लागली. मला कसंसंच झालं. गच्ची गेली की ही पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसणार, हे मला दिसत होतं.

गव्हाच्या दिवशी सकाळी वर गेलो, तर दोऱ्या रिकाम्या. सुलूनं आपले अर्धवट सुकलेले बोंबील उतरवून घरात कोंडले होते. पण कावळ्यांना ते कोण सांगणार? वीस-पंचवीस जण कठड्यावर बसून होते. बोंबील नाहीत तर गहू चालेल, असा त्यांचा विचार दिसत होता. खडूची रेघ कुणी पाहिलीसुद्धा नाही. फुलकुमारी पदर खोचून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत होती, डोळे भरलेले. खाली दोन पोरी, स्वयंपाक, पूजेची तयारी, सगळं तसंच पडलेलं.

तेवढ्यात सुलू आली. नुकतीच न्हालेली, केस ओले, धुतलेलं लुगडं. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला जुन्या छत्रीचं काळं कापड.

"हे कावले माझे हायत," ती म्हणाली. "मीच लाडावलेत. मीच बघते."

फुलकुमारी एक पाऊल मागे सरली. "मौसी, आप तो मछली..." आणि थांबली.

"गव्हाला बोट लावनार नाय मी. लांब बसते. आज घरात मासली शिजली पन नाय. इचार प्रीतमला."

फुलकुमारीनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या रेघेकडे पाहिलं. मग ती खाली गेली, घरातलं स्टूल घेऊन आली आणि रेघेच्या अलीकडे, गव्हाच्या बाजूला ठेवलं. "बैठिए, मौसी."

सुलू सकाळपासून ऊन उतरेपर्यंत तिथून हलली नाही. एरवी कावळ्यांना ती ज्या शिव्या घालते त्या मला सांगताही येणार नाहीत. त्या दिवशी मात्र नुसतं "हुश्श, हुश्श." पूजेचं काम म्हणून बाईनं शिव्यासुद्धा गिळल्या! एकाही दाण्याला चोच लागली नाही. घरात कोंडलेले बोंबील मात्र कुजले, पाटीभर टाकून द्यावे लागले. हे मला प्रीतमनं सांगितलं. तिनं चकार शब्द काढला नाही.

छठला फुलकुमारीचं कुटुंब अर्घ्य द्यायला चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलं. कितीला भरती, कुठे उभं राहायचं, हे अर्थात सुलूनंच सांगितलं.

रविवारी मीटिंग. मी अर्ज वाचला आणि म्हटलं, हात वर करा. फुलकुमारी उभी राहिली. छत्तीस तासांच्या उपासानं उतरलेला चेहरा, पण आवाज खणखणीत.

"मौसी को छत से हटाओगे, तो अगले साल मेरा गेहूँ कौन देखेगा? आप?"

तिचं बोट माझ्याकडे. लोक हसायला लागले. मेहुलभाईंनी घसा साफ केला. "उन्हाळ्यात आमच्या हिच्या पापडांवर पण लक्ष ठेवाल का, सुलूबेन?"

"ठेवीन की. पन बोंबलाच्या शेजारी ना?"

"त्या कोपऱ्यात हां, लांबच्या," मेहुलभाई म्हणाले. अर्ज तसाच माझ्या खिशात राहिला. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांना चहा पाजला.

दोन दिवसांनी पाण्याची टाकी बघायला वर गेलो. दोऱ्यांवर बोंबलांची नवी तोरणं. सुलू बाजारात गेलेली. स्टुलावर फुलकुमारी बसली होती. हातात तोच काळ्या कापडाचा बांबू, नजर कावळ्यांवर, आणि नाकाला पदर घट्ट दाबलेला.

मला पाहून तिनं झटकन पदर सोडला.

"सेक्रेटरी साहब," ती हळूच म्हणाली, "नाक वाली बात मौसी को मत बोलना."