सीडीवरचं नाव

माझं गाणं संपलं की तो डोळे न उघडता एक बोट वर करायचा. म्हणजे पुन्हा. वर म्हणायचा, "यल्ला, फ्रॉम द हार्ट." म्हणजे चल, मनापासून.

हॉटेलच्या कोपऱ्यात गाणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण जेवत असतो, मान वर करत नाही. हा ब्राझीलचा. तिकडे तो सोल गायचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या चर्चमधून निघालेलं आर्त गाणं. इतरांच्या रेकॉर्डही त्याने घडवल्या होत्या. मग त्याची रेकॉर्ड कंपनी बुडाली आणि तो बहरीनमध्ये, झल्लाकच्या हॉटेलात पाहुण्यांसाठी गाऊ लागला. मी तिथला साउंड टेक्निशियन.

बाबासाहेबांच्या जयंतीसाठी तिथल्या आम्हा मराठी मंडळींना सीडी काढायची होती. सहा गाणी मी लिहिली होती, गाणारही मीच. त्याने अर्थ विचारला. म्हणालो, "ज्यांना पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांची गाणी आहेत." "चाली मी करतो," तो म्हणाला. शुक्रवारी दुपारी माहूजच्या आमच्या फ्लॅटवर हजर.

भिंतींना गाद्या टेकवून आम्ही रेकॉर्डिंग केलं. चाली त्याच्या, वाद्यं त्याची, कोरस त्याने बसवलेला. हे मी आज प्रथमच लिहितो आहे.

"अहो, याला मराठीचं अक्षर कळत नाही, मग तुम्ही वरवर गायलात की कसं कळतं?" बायको मला विचारायची. ठेचा वाढताना त्याला बजावायची, "भाऊ, मिरची!"

"मिरची, मफी प्रॉब्लेम," काही अडचण नाही, म्हणत तो घाम पुसायचा.

त्याच्या व्हिसावर बाहेरचं काम चालत नव्हतं. "नाव आत्ता नको," तो म्हणाला, "मी इथून गेलो की लिही." 'संगीत' या शब्दापुढे मी माझं नाव टाकलं.

जयंतीला मला शाल मिळाली. शेवटच्या रांगेमागे उभा राहून तो टाळ्या वाजवत होता. गाडीत एवढंच म्हणाला, "नाइस शाल, ब्रदर."

तो बहरीन सोडून गेल्यावर सीडी दोनदा पुन्हा निघाली. नाव माझंच. तिसऱ्या गाण्यामागे त्याची गुणगुण राहून गेली आहे. "काका, ती तुमचीच ना?" पोरं विचारतात. मी होय म्हणून मान हलवतो. दर जयंतीला ती सुरू झाली की मी हॉलबाहेर जातो. बाहेरही ऐकू येते. हल्ली घरी, काही लावलेलं नसतानाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचा मेसेज आला. बाबा गेले, त्यांच्या कामाची यादी करते आहे. बहरीनमध्ये त्यांनी काही रेकॉर्ड केलं होतं का?

सत्तरी ओलांडली, तरी मी भित्राच. लिहिलं, "नाही. फक्त हॉटेलात गायचे."

यादी तिने इंटरनेटवर लावली आहे. बहरीनच्या चार वर्षांपुढे लिहिलंय, 'रेकॉर्डिंग नाही.' खाली, माहितीबद्दल, माझे आभार मानले आहेत.