पिशोरचे पेढे आणि माझी पीएचडी

माझी पीएचडी पेढ्यांनी बुडवायचीच बाकी ठेवली होती. हसू नका. चार वर्षं घासली होती मी. त्यात मार्गदर्शक सरांनी बजावलेलं, "या महिन्यात प्रयोगाचे निकाल दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द." इकडं शहरात पुंडलिकनगरातली आमची गल्ली मला आधीच डॉक्टरीणबाई म्हणायला लागली होती. शेजारच्या आजी तर गुडघासुद्धा दाखवून गेल्या. नोंदणी रद्द झाली असती तर तोंड कुठं लपवलं असतं?

विषय होता मजुरीची घासाघीस. प्रयोग सोपा. दोघांना समोरासमोर बसवायचं, मधे ताटात दहा पेढे. पहिल्यानं वाटणी सुचवायची, मला इतके, तुला इतके. दुसरा 'हो' म्हणाला की तशी वाटणी. 'नको' म्हणाला की दोघांनाही काही नाही, ताट परत. पुस्तक सांगतं, पहिला हुशार असेल तर नऊ स्वतःला ठेवेल, आणि दुसरा उरलेला एक मुकाट घेईल, कारण काहीच नसण्यापेक्षा एक बरा. पुस्तक लिहिणारा कधी आमच्या गावी, पिशोरला पाहुणा म्हणून आलेला नसणार.

मी मात्र पिशोरचीच लेक. तरी माझ्या डोक्यात उजेड पडू नये, याचा मला अजून राग येतो! काकांच्या ओसरीवर सतरंजी टाकली. पहिली जोडी म्हणजे काका आणि त्यांच्या अद्रकीच्या शेतात कामाला येणाऱ्या मावशी. मजुरीवरून दोघांची रोज सकाळी कचाकचा भांडणं. मावशी तसूभर मागं सरत नाहीत. म्हटलं, आता येईल खरी गंमत.

काकांनी अख्खं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. "घे माय, सगळे तुलाच."

"नाय नाय, तुम्हीच खा. म्या आत्ताच जेवले."

नियम म्हणजे नियम. मी ताट उचललं. दोघंही माझ्याकडं बघतच राहिले.

पुढच्या जोड्याही तशाच. एकानं सगळं द्यायचं, दुसऱ्यानं हात जोडून नको म्हणायचं, मी ताट उचलायचं. संध्याकाळपर्यंत वहीत नुसती शून्यं, आणि काकू कडाडली, "वाढलेलं ताट उचलती व्हय गं? हेच शिकवतेत का तुमच्या कॉलेजात?"

मला रडूच यायचं बाकी होतं. मी मावशींना गाठलं. "मजुरीला लई भांडता, मग पेढ्याला नको का म्हणालात?"

"मजुरी हक्काची असती, बाई. ती भांडून घ्यावी. पेढा मानाचा. पहिल्याच खेपेला घेतला तर लोक हावरट म्हणतील. तीनदा आग्रह व्हावा लागतो. तू तर दुसऱ्यांदा इचारायच्या आत ताट पळवलंस!"

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात सरांपुढं वही ठेवली. सर पानं उलटत गेले, शून्य, शून्य, शून्य. माझा चेहरा बघून त्यांनाच कणव आली, आणि त्यांनी खणातून मुदतवाढीचा कोरा अर्ज काढला. "बरं, सहा महिने मुदतवाढ देऊ का? मी शिफारस करतो."

"नको सर, तुम्हाला कशाला त्रास," मी म्हणाले.

"ठीक आहे," म्हणून त्यांनी अर्ज फाडायला घेतला.

मी अर्जाचं दुसरं टोक धरलं. "अहो सर, थांबा! ते खरं नको नव्हतं!"

"मग काय होतं?"

"पहिलं होतं! तीनदा विचारायचं असतं!"

सरांनी माझ्याकडं पाहिलं, वहीतल्या शून्यांकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं. मग एकदम सरसावून बसले. "मुदतवाढ देऊ का?"

आणि माझं मेलं तोंड! "राहू द्या सर."

सरांनी पेन उचललं. "देऊ का?"

"द्या!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे शिपाईकाका पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले. सर भराभर अर्ज भरत होते. मी डोळे पुसत होते.

"मॅडम, पाणी?"

"नको, नको."

शिपाईकाका वळले.

"अहो," सर मान वर न करता म्हणाले, "अजून दोनदा विचारा त्यांना."