लाडांच्या घरातली शनिवारची किंकाळी

विठोजीराव लाड बायकोला मारतात, अशी कुजबुज कानडी मुलखातल्या हलसूरच्या त्या गल्लीत बरीच वर्षं चालू होती. कुजबुज म्हणजे अगदी रीतसर. ती नळावर जन्माला यायची, तानूबाईच्या शिलाई मशीनपाशी तिला अस्तर लागायचं, काठ लागायचा, आणि दिवेलागणीपर्यंत नटूनथटून ती पार इंदिरानगरात फिरायला जायची.

पुरावा एकच होता, पण भक्कम. दर शनिवारी दुपारी गल्ली जेवून सुस्तावली की लाडांच्या बंद खिडकीमागून एक किंकाळी यायची. बारीक, लांबलचक, शेवटाला तुटलेली. मग सगळं चिडीचूप. पुढं तासाभरानं लाडांची बायको सोयराबाई अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, टरफलं टोपलीत घेऊन बाहेर यायच्या आणि गाईपुढं ओतायच्या. चेहरा असा, जणू घरात माशीसुद्धा उडाली नाही.

"बघा कशी गिळते बिचारी," तानूबाई दोरा दातानं तोडत म्हणायची.

शहाण्णव साली ह्या गल्लीत पुण्याची संध्या येऊन पडली. इंदिरानगरात सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी, तानूबाईच्या माडीवर एक खोली. ऑफिसात इंग्रजी आणि हिंदी, रिक्षात हातवारे, आणि मराठी फक्त रविवारी एसटीडी बूथवर, आईशी, तीही काचेपलीकडची रांग डोळे वटारायला लागेपर्यंत. पोरगी सालस होती, पण तिला एक व्यसन होतं. भुताखेताचे पिक्चर. पुण्यात भावंडं एका चादरीत शिरून बघायची. इथं चादर होती, भावंडं नव्हती.

म्हणून ती प्राणेशच्या व्हिडिओ लायब्ररीत गेली आणि चांगलं घाबरवणारं काही आहे का, असं विचारलं. प्राणेशनं हनुवटीनं कोपऱ्यातल्या स्टुलाकडं दाखवलं. "ते अण्णांना विचारा, मॅडम. माझं काम फक्त धूळ पुसणं."

स्टुलावर विठोजीराव बसले होते. बसले होते म्हणजे स्टूल दिसत नव्हतं. तरुणपणी गरडीत, म्हणजे आपल्या तालमीत, माती अंगाला लावलेला गडी. नंतर एका गिरणीच्या फाटकावर आयुष्य काढलेलं. मिशी अशी, की लहान पोरं समोरून येताना रस्ता बदलायची. शनिवारी सकाळी मारुतीला तेल घालायचं आणि तिथून थेट इथं यायचं, हा नेम. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे.

"मराठी का तू? कुठली?"

"पुण्याची."

"हं. मग तुला आधी नावं ठेवायला एखादा देऊ."

प्राणेश हसला. संध्यालाही हसू आलं, आणि कितीतरी दिवसांनी कुणीतरी आपली मराठीत टिंगल केली, ह्याचं तिला बरं वाटलं.

अण्णांनी एकेक कॅसेट बोटानं पुढं सरकवली. "हा ढोबळी मिरची. नुसता आकार. हा ब्याडगी. रंग लालभडक, रक्ताच्या चुळा भरतात, पण जिभेला काही नाही. हा घे. गुंटूर. खरा तिखट. दिवा लावून बस."

"काय आहे एवढं त्यात?"

"एक बाई जिना उतरते. तेवढंच. पण बघ कशी उतरते. आधी पाय दाखवलेत, आणि आपण तोंडाची वाट बघत बसतो. तोंड दिसलं की भीती स्वल्प कमी होते. म्हणून शहाणा माणूस तोंड उशिरा दाखवतो."

संध्यानं तो तानूबाईच्या व्हीसीआरवर बघितला. बाई जिना उतरली आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्या दिवसापासून शनिवारची सकाळ ठरून गेली. प्राणेशचं दुकान, विठोजीराव स्टुलावर, तानूबाई काउंटरला टेकून, आणि संध्या. नियम एकच: शेवट सांगायचा नाही. बाकी वाटेल तेवढं भांडायचं.

तानूबाईला इंग्रजी भुतं मान्य नव्हती. "बाई मेली, तिला न्याय मिळाला नाही, म्हणून ती परत आली, हे समजतं. पण तो तोंड झाकलेला मेला सुरा घेऊन कशाला फिरतो? त्याला घरी काम नाही?"

"भूत न्यायासाठी येत नाही, तानू," विठोजीराव म्हणाले. "तिकडं एकटं करमत नाही म्हणून येतं."

संध्या त्या रात्री खोलीत पडून ह्या वाक्याचाच विचार करत राहिली. एवढ्या मोठ्या मिशीतून एवढं मऊ कसं आलं, हे तिला कळेना. दोन महिन्यांत असं झालं की ऑफिसात कुणी घालूनपाडून बोललं, तर आता हे शनिवारी अण्णांना सांगू, म्हणून ती गप्प बसायची. ह्या शहरात तिचं माणूस म्हणावं असं एवढंच होतं.

आणि तेव्हाच तानूबाईनं कपड्यासारखी ती गोष्ट तिच्यापुढं उलगडून धरली.

"खोटं आहे," संध्या म्हणाली.

"मग शनिवारी दुपारी झोपू नको. कान दे."

तिनं कान दिला. किंकाळी आली. बाईचीच, असं तिला वाटलं. संध्याच्या हातातला चहा गार होईपर्यंत ती तशीच खिडकीत उभी राहिली. सकाळी ज्या माणसानं तिला हसवलं, त्याच माणसाच्या घरातून हा आवाज. खरं असेल तर तिच्यापुरते अण्णा गेलेच, आणि ते गेले ह्याचं दुःख करायची लाज वाटावी असं काहीतरी त्या घरात एक बाई सोसत होती.

दुकानात सल्लामसलत झाली. प्राणेशचं मत पडलं, की हे असले पिक्चर बघूनच डोकं फिरत असणार. आपण कॅसेट देणं बंद करू. तानूबाई म्हणाली, सोयराचा भाऊ होसूरला आहे, त्याला निरोप धाडते, येऊन घेऊन जाईल बहिणीला.

"एक शनिवार थांबा," संध्या म्हणाली. "मी आधी बघून येते."

"तू?"

"कॅसेट बदलायचं निमित्त आहे की."

तो शनिवार आला. संध्या कॅसेट छातीशी धरून लाडांच्या दारात उभी राहिली, आणि घंटी वाजवावी की नको ह्या विचारात असतानाच आतून ती किंकाळी आली, इतक्या जवळून, की तिनं घंटी सोडून दोन्ही हातांनी दार बडवलं.

दार उघडलं. सोयराबाई. ठेंगण्या, चष्मा नाकावर, मुठीत सोललेले अवरेकाळू, आणि कपाळावर आठ्या. मार खाल्लेल्या बाईच्या नव्हेत, ऐन रंगात आलेल्या जागी कुणी उठवलं म्हणजे पडतात तशा.

"काय गं, आग लागली का?"

संध्यानं कॅसेट पुढं केली. ती तशीच आत शिरली. खोलीत अंधार केलेला. टीव्ही चालू, पण आवाज पार बंद. पडद्यावर खिडकीला चिकटलेलं एक पांढरं तोंड. आणि टीव्हीकडं पाठ करून, देव्हाऱ्याकडं तोंड करून, जमिनीवर मांडी घातलेले विठोजीराव. डोक्यावरून टॉवेल ओढलेला. अवरेकाळूचं वर्तमानपत्र उधळून दाणे खोलीभर झालेले.

"गेली का ती?" टॉवेलातून आवाज आला.

"गेली हो. आता नुसता डॉक्टर आलाय," सोयराबाई म्हणाल्या.

"डॉक्टर कसा आहे?"

"भला दिसतोय. म्हणजे मरणार."

"मग मेल्यावर सांग."

टॉवेल जरा सरकला आणि विठोजीरावांना संध्या दिसली. ते उठले. घसा खाकरला. मिशीवरून हात फिरवला. मग मागच्या दारी गेले आणि तिथून तोंड धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सोयराबाईंनी संध्याला चटईवर बसवलं, ताटलीत कडबोळ्यांसारखी कोडबळी दिली, आणि दाणे वेचता वेचता सांगितलं. पोरी लग्न होऊन गेल्या, घर मोठं वाटायला लागलं, आणि सोयराबाईंना ह्या पिक्चरांचा नाद लागला. भाषा समजत नाही, पण कोण मागून येतंय ते समजायला भाषा कशाला? ह्यांना मात्र त्यातलं संगीत सोसत नाही, म्हणून आवाज बंद. त्यामुळं गल्लीत पिक्चर ऐकू जात नाही. जाते ती तेवढी किंकाळी.

"तर मग अण्णा बसतात कशाला?"

"मीही तेच म्हणते. गरडीत जा, झोपा, कुठंही जा. तर म्हणतात, भूत आलंच तर तू एकटी नको सापडायला." सोयराबाई हसल्या. "मग पाठ करून बसतात, काळू सोलतात. आणि मागं काय चाललंय ते राहवत नाही म्हणून वळतात. नेमकं वळायचं नाही तेव्हा वळतात बघ."

त्यांनी पडद्याकडं एक नजर टाकली आणि नाक मुरडलं. "हा ब्याडगीच निघाला. तोंड फार लवकर दाखवलं."

संध्या त्यांच्याकडं बघतच राहिली. म्हणजे ढोबळी, ब्याडगी, गुंटूर; जिन्यावरच्या बाईचे पाय; एकटं न करमणारं भूत. सगळं इथून, ह्या चटईवरून जात होतं.

"काकू, हे सगळं तुमचं आहे."

"मग? मी दुकानात कुठं जाऊन बसू? हे जातात, मी बोलले ते सांगतात. ह्यांना मान मिळतो, मला पिक्चर मिळतो. सरी, ठीकच आहे की."

"पण लोक काय म्हणतात माहीत आहे का?"

"तानू हळदीची वाटी घेऊन येते, कुठं लागलंय दाखव म्हणते. न समजायला मी काय खुळी आहे?" सोयराबाईंनी शेवटचा दाणा उचलला. "ह्यांना मात्र पत्ता नाही. आणि तू सांगायचं नाहीस. मला बिचारी म्हटलं तर माझं काय जातं? ह्यांना भित्रा म्हटलं तर जेवायचे नाहीत. माझ्या गळ्याची शपथ घे."

संध्यानं शपथ घेतली. दुसरं काय करणार?

पण शपथ घेणं सोपं, ती घेऊन तानूबाईच्या घरात राहणं कठीण. "तसं काही नाही," एवढंच ती म्हणत राहिली, आणि जितक्या वेळा म्हणाली तितका तानूबाईचा संशय पक्का झाला. पोरीलाही दम दिलाय, असं ठरलं. होसूरचा निरोप तयार झाला.

पुढच्या शनिवारी विठोजीराव दुकानात आले. बोटाला मारुतीचं तेल, कपाळाला शेंदूर, संध्याकडं न बघता त्यांनी प्राणेशला नवीन काय आलंय ते विचारलं.

"अण्णा, तुम्हाला आता कॅसेट नाही," प्राणेश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"का रे?"

प्राणेश फडकं घेऊन धूळ पुसायला लागला. तानूबाई पुढं झाली. तिनं काउंटरवर हात ठेवून, शब्द न चावता, सगळं सांगितलं: शनिवारची दुपार, किंकाळी, गल्ली काय समजते ते, आणि होसूरचा भाऊ.

विठोजीराव स्टुलावर बसले. आधी त्यांना ते समजलंच नाही असं वाटलं. मग समजत गेलेलं तोंडावर दिसत गेलं.

"सोयराला माहीत आहे हे?" त्यांनी विचारलं. तानूबाईला नाही, संध्याला.

संध्यानं होकाराची मान हलवली.

"आणि तिनं तुला बोलू नको म्हणून सांगितलं."

संध्या कॅसेटच्या फळ्यांकडं बघत राहिली. हा माणूस आता उठून गेला तर कुणी त्याला अडवणार नव्हतं. मिशी शाबूत राहिली असती. बिनकॅसेटचं घर, होसूरचा भाऊ, बंद टीव्हीसमोर बसलेल्या काकू. आणि ती शपथेत बांधलेली. मनातल्या मनात ती म्हणत होती, अण्णा, आता पाठ करू नका.

"इतकी वर्षं," विठोजीराव स्वतःशीच म्हणाले. "हळद लावून घेतली असेल वेडीनं."

मग त्यांनी पंच्यानं बोटाचं तेल पुसलं. "प्राणेश, गुंटूर काढ एखादा. सोयराच्या नावावर दे, माझ्या नको. यापुढं कसा आहे ते तीच इथं येऊन सांगेल. आजवरही तिनंच सांगितलंय."

"आणि ते ओरडणं?" तानूबाईनं विचारलं.

विठोजीरावांनी मान खाली घातली नाही. तिच्याकडं बघूनच सांगितलं.

सोयराबाईंवर त्यांनी कधी हात उगारला नव्हता. भुतांची भीती वाटायची ती त्यांना स्वतःला. शनिवारी किंचाळायचे ते विठोजीरावच.