जानकीबाईंचा काटेधोत्रा

काल्हेरच्या जानकीबाईंचं सगळं भातशेत गोदामाखाली गेलं. उरली ती गोदामाची भिंत आणि घर यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिथल्या भरावात बाईंनी वांगी लावून पाहिली, भेंडी लावली, काही धरेना. शिवाय भिंत दिसली की ट्रकवाल्यांना नेमकी घाई लागायची. बाईंनी भिंतीला देवांच्या फरशा लावल्या, तर मेले फरशीला हात जोडून चार पावलं पुढे सरकायचे.

मग एका थंडीत तिथे आपसूक काटेधोत्रा उगवला. सगळीकडे पिवळ्या फुलांचा असतो, हा पांढऱ्या. पाकळ्या मलमलीच्या, बाकी पानापासून बोंडापर्यंत नुसते काटे. अगदी बाईंचा स्वभाव, असं गल्लीत म्हणत, अर्थात बाई पुढे गेल्यावर. ट्रकवाल्यांची घाई थांबली. बाई भांड्यांचं पाणी त्याला घालू लागल्या. रानटी झाडाला कसलं पाणी, असं कुणी म्हटलं की सांगायच्या, माझ्या जमिनीत अजून कायतरी येतंय, ते मी सुकू देऊ?

यंदा त्यांच्या मुलाचं, प्रितमचं, कोन गावच्या क्षितिजाशी लग्न ठरलं. आगऱ्यांची हळद म्हणजे गावजेवण. आचाऱ्याला चुलींसाठी ती पट्टी हवी होती. बाई म्हणाल्या, न्हाय. प्रितमने विनवलं, मामाला मध्ये घातलं, तरी न्हाय. शेवटी हळदीच्या सकाळी बाई गावदेवीची ओटी भरायला गेल्या, तसा नवरदेव उघड्या हातांनी झाडं उपटायला बसला.

काटेधोत्रा मोडला की पिवळाधमक चीक येतो, हे गोदामात सुपरवायझरी करणाऱ्याला काय ठाऊक? अर्धी पट्टी साफ होईतो दोन्ही पंजे पिवळे. डाग साबणाने हटेनात. तोवर आत्या-मावश्या जमल्या. पहिली हळद देवाला, मग नवऱ्याला. हा तर आधीच माखलेला. ललिताआत्याने तर्क काढला, सासुरवाडीला जाऊन गुपचूप लावून आला असणार. दुपारी बातमी निजामपुऱ्यातल्या नातलगांकडे पोचली तेव्हा तिच्यात नवरीसुद्धा दुसरीच होती.

बाई परतल्या. आधी हात पाहिले, मग पट्टी.

"हलद कुनी लावली रं?"

"तुझ्या झाडांनी, आये."

बाई हसल्या नाहीत. उपटलेल्या ढिगाशी बसल्या, एक सुकलेलं बोंड उचललं आणि प्रितमच्या पिवळ्या तळव्यावर झटकलं. काळं बारीक बी सांडलं.

"पेर. मंग बस हलदीला."

आचाऱ्याच्या चुली बाईंनी आपल्या पडवीत मांडून दिल्या. आत्या मुहूर्ताच्या नावाने कुरकुरत राहिल्या, आणि भातशेतीवाल्यांचा हा वारस भर उन्हात भिंतीलगत उकिडवा बसून जन्मात पहिल्यांदा काहीतरी पेरू लागला. बाई डोक्यावर पदर घेऊन शेजारीच उभ्या होत्या, एवढं दाट टाकू नको म्हणून ओरडत.