तीनवारशेठ वायरलेसवर

तीनवारशेठना शांतता सहन होत नसे. धंदाच तसा होता. जुन्या सामानाच्या लिलावात बोली पुकारता पुकारता त्यांचे केस पिकले होते, आणि गप्प बसलं की माल मातीमोल जातो हे त्यांच्या अंगात पार मुरलं होतं. ‘एकवार, दोनवार’ म्हटल्यावर कोणी खोकलंसुद्धा नाही, तर शेठ कपाटाच्या बिजागरीचं कौतुक सुरू करत, मग किल्लीचं, मग त्या कपाटात कधीकाळी टांगलेल्या कोटांचं. घरी बायको घास चावायला गप्प झाली तरी टेबलाखाली त्यांचा पाय हलू लागे.

होडीही त्यांच्या गळ्यात पडली ती याच दुखण्यापायी. एक छोटी मोटारहोडी लिलावाला आली होती, नाव ‘निवांत’. दोनवार झालं आणि हॉल चिडीचूप. ती शांतता शेठना इतकी टोचली की त्यांनी स्वतःच बोली लावली, स्वतःच तीनवार म्हटलं आणि हातोडा आपटला. घरी काय सांगायचं हा विचार त्यानंतर आला.

होडीत एक वायरलेस होता. हाताशी माईक आहे म्हटल्यावर शेठ हरखले. पण बंदरावरच्या साहेबांनी सांगितलं की संचाचा परवाना नव्याने तुमच्या नावावर करा, आणि त्यावर बोलायचं असेल तर परीक्षा द्या. नवराबायको दोघंही बसली. बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ म्हणणाऱ्या बाईला ‘बटण दाबा, बोला, सोडा’ यात काय अवघड? पहिल्या फटक्यात पास झाली. शेठना होडीचं नाव तीनदा पुकारायचं हा नियम फार पटला. हे लोक आपल्याच धंद्यातले दिसतात, असं ते म्हणाले. घोडं पेंड खात होतं ते पुढे. पुकारून झाल्यावर बटण सोडायचं आणि उत्तराची वाट बघायची, हे काही जमेना. बटण दाबलेलं असेपर्यंत आपल्याला काही ऐकू येत नाही, आणि दुसरा कोणी मदतीसाठी हाका मारत असेल तर त्याचाही आवाज दाबला जातो, हे परीक्षकाने परोपरीने समजावलं. ते चालू असतानाही शेठ मधेच बोलत होते. दुसऱ्यांदा नापास करताना परीक्षक हताशपणे म्हणाला, “मदत येईल हो शेठ, पण तुम्ही येऊ द्याल का?”

तेव्हापासून होडी शेठची आणि आवाज बायकोचा. परीक्षा पास झालेलं माणूस शेजारी असेल आणि त्याने हो म्हटलं, तरच दुसऱ्याने बोलायचं. त्यामुळे शेठ दर सहलीत लहान मुलासारखे विचारत, अगं, बोलू का? काय बोलायचंय, असं ती विचारी. सहजच, म्हणत शेठ. मग सहज बोलायला तो काय कट्टा आहे का, यावर विषय संपे.

एका सुट्टीच्या दुपारी परतताना पाण्यावर तरंगणारा जाळ्याचा दोर होडीखालच्या पंख्यात अडकला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. प्रवाह होडीला हळूहळू मोठ्या जहाजांच्या वाटेकडे ढकलू लागला. लांबवर इमारतीएवढं एक जहाज येताना दिसत होतं, आणि त्याला काही ब्रेक नसतात. बायकोने माईक शेठच्या हातात कोंबला.

“तू बोल ना,” शेठ घाबरून म्हणाले.

“मग नांगर कोण टाकणार? तुमची दुखरी कंबर?”

“बरं, मेडे म्हणू?”

“बुडतोय का आपण? आग लागलीय? कुणाचा जीव जातोय?”

“माझा जाईलसं वाटतंय.”

“मग मेडे नाही. मदत हवी, पण जिवावर बेतलं नाही, तेव्हा पॅन-पॅन म्हणायचं. सोळा नंबरच्या चॅनलवर,” असं सांगून ती पुढच्या टोकाला गेली.

शेठनी बटण दाबलं. आवाज तर मुलखाचा खणखणीत. पॅन-पॅन तीनदा, ‘निवांत’ तीनदा, वायरलेसच्या पडद्यावर वाचून होडीची जागा, पंख्यात दोर, माणसं दोन, ओढून न्यायला मदत हवी. एक अक्षर चुकलं नाही. पण अंगठा बटणावरच राहिला. उत्तर येईना, येणार तरी कसं? आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर शेठ पुढे निघाले: होडी तशी झकास आहे, रंग नवाच आहे, गाद्यांचं कापडसुद्धा...

“सोडा,” बायको मागे न वळता म्हणाली. एक्स-रेच्या खोलीतला आवाज होता तो. अंगठा आपोआप सुटला.

मग ती शांतता आली. पाणी होडीला चापट्या मारत होतं. जहाज मघापेक्षा मोठं दिसत होतं. वायरलेस नुसता खरखरत होता. अंगठा पुन्हा बटणाकडे निघाला, शेठनी तो मागे ओढला. तो पुन्हा निघाला. शेठनी दात आवळले. आणि त्या खरखरीतून बंदरावरच्या एका बाईचा सावकाश आवाज आला: निवांत, तुमचं बोलणं पोहोचलं, मदतीची होडी निघतेय, सोळा नंबरवरच थांबा.

“समजलं,” शेठ म्हणाले आणि बटण सोडलं. आपलं आपण.

तिकडे नांगर घसरत घसरत एकदाचा तळाला रुतला आणि होडी थबकली. बायको चिखलाचे हात घेऊन मागे आली. शेठ उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते, पाय थाडथाड हलत होता, आणि तोंड मिटलेलं होतं. हे दृश्य तिने लग्नापासून पाहिलं नव्हतं.

“काय म्हणाले?” तिने विचारलं.

“थांबा म्हणाले,” शेठ कुजबुजले.

“मग?”

“मग थांबलोय ना,” शेठ म्हणाले, आणि दुसरा हातही त्यांनी मांडीखाली घातला.