आत्याच्या न्यायाचा फ्लेक्स

अन्याय झाला तो माझ्या सुशीला आत्यावर. कधी, तर निघोज्यात आजोबांच्या तेराव्याला, भर दुपारी, दुसरी पंगत बसलेली असताना. माझे थोरले चुलते अण्णा यांनी वारस नोंदीच्या अर्जात आजोबांचे वारस लिहिले दोन: स्वतः अण्णा आणि माझे वडील. आजोबांचं तिसरं अपत्य त्या वेळी पंगतीत भात वाढत होतं. अण्णांनी अर्जावर सही केली आणि तिच्याकडूनच वरण मागून घेतलं.

मी संघटनेची पत्रकं लिहिते. बायकांचा वारसाहक्क मी चाकणपासून दापोडीपर्यंत कंपन्यांच्या गेटांवर वाटलाय (म्हणजे पत्रकं वाटलीत, हक्क अजून कुणाच्या हातात पडलेला नाही). आणि हा प्रकार माझ्याच घरात!

"पप्पा, तुम्ही पण सही केलीत?"

"अण्णानं कागद पुढं केला, मी केली," पप्पा म्हणाले. "तिचं लग्न थाटात करून दिलं की. आन् ती कुठं काय मागतीय?"

मी तडक दापोडीला आत्याकडे गेले. ती मेथी निवडत होती.

"जमीन न्हाई दिली तर न्हाई दिली," ती म्हणाली. "पण नाव का गाळलं गं? मी त्यांची कुनीच न्हाई व्हय?"

एवढंच तिचं म्हणणं होतं. हरकत घ्यायची मुदत संपत आली होती. एखाद्या शहाण्या माणसाने साध्या कागदावर चार ओळी खरडून तलाठ्याकडे दिल्या असत्या. पण मी पडले चळवळीतली, आधी जनजागृती! आणि आमच्या पट्ट्यात जनजागृती म्हणजे फ्लेक्स. इथे बैलाच्या वाढदिवसालाही चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर बैलापेक्षा शुभेच्छुक मोठे असतात. जे फ्लेक्सवर नाही, ते गावात घडलेलंच नसतं.

फ्लेक्सवाल्या रियाजभाईंना मी मोबाइलवर कळवलं: मागचा रंग काळा ठेवा. फोटोत आत्या हसत नाहीये, तोच चालेल. मजकूर, 'सुशीलाताई, आम्ही तुम्हाला विसरणार नाही.' खाली, 'समस्त निघोजे ग्रामस्थ.'

मी निदर्शनात घोषणा देत असताना रियाजभाईंचा फोन आला. "ताई, फोटोला हार टाकू?"

आत्याचा सन्मान होतोय, या कल्पनेने मला भरून आलं. "टाका की. मोठा टाका."

(दोन्ही बाजूंच्या पेटत्या समया त्यांनी स्वतःच्या मनाने टाकल्या. फुकट.)

फ्लेक्स पहाटेच निघोज्याच्या चौकात लागला. कंपन्यांच्या बसगाड्या त्याच चौकात थांबतात, त्यामुळे बातमी पहिल्या शिफ्टबरोबर कामाला गेली. अण्णांच्या घरी रडारड सुरू झाली. काकूने रडायलाच म्हणून आत्याच्या घरी फोन लावला.

"कोन बोलतंय?" काकूने हुंदका देत विचारलं.

"मी सुशीला."

काकूने फोन टाकला आणि देवघरात जाऊन बसली. ती बोलायच्या अवस्थेत नव्हती. इकडे आत्याने एवढंच ऐकलं की वहिनी रडतेय, म्हणजे माहेरी कुणीतरी गेलं. ती रडत रडत मिळेल त्या गाडीने निघाली.

ओसरीवर गाव जमलं होतं. तलाठी भाऊसाहेबही फ्लेक्स बघून सांत्वनाला आले. अण्णांनी त्यांचे हात धरले. "एकुलती एक बहीन गेली हो, भाऊसाहेब."

"बहीण?" भाऊसाहेब म्हणाले. "अण्णा, तुमच्या अर्जात तर बहीण नाही."

अण्णांचा हुंदका निम्म्यातच थांबला. पप्पा ओसरीच्या फरशा बघायला लागले.

"सख्खी ना?"

"व्हय," अण्णा म्हणाले. सगळं गाव ऐकत होतं, दुसरं काय म्हणणार?

"मग अर्ज दुरुस्त करा. आणि ताईंचा मृत्यूचा दाखला जोडा. त्यांच्या मुलांची नावं लागतील."

एवढ्यात आत्या आली. चौकात तिने स्वतःलाच हार घातलेला पाहिला होता. तिला बघून गर्दी दोन पावलं मागे सरली. अण्णा उठले, तिच्या गालाला हात लावून बघितला आणि लहान मुलासारखे रडले. "सुशे, तू हायस व्हय?"

"हाय की." तिने पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "मेलेल्या बहिनीसाठी एवढा रडतोस, तर जित्तीचं नाव लिव्हायला तुझा हात मोडला व्हता का, दादा?"

नवा अर्ज तिथेच लिहिला गेला. अण्णांनी तिचं नाव स्वतःच्या हाताने घातलं. पप्पांनी मान वर न करता सही केली. मी धापा टाकत पोचले तेव्हा भाऊसाहेब पेनाला टोपण लावत होते.

"फ्लेक्स तुमचा का?" त्यांनी मला विचारलं. "मग आता तुमच्या आत्या जिवंत असल्याचा पुरावा तुम्हीच आणून द्या. मृत्यूचा पुरावा मी चौकात स्वतः वाचलाय."

तो आणण्यात माझ्या चपला झिजल्या, पण नाव लागलं. संघटनेच्या बैठकीत मी हा लढ्याचा विजय म्हणून मांडला. आत्या मात्र तीन महिने माझ्याशी बोलली नाही.

तुम्हाला सांगणं एवढंच. आजच्या आज घरचा सातबारा काढा. त्यावर बहिणीचं नाव नसेल, तर ती धडधाकट असताना, तिच्या देखत लावा. साधा अर्ज पुरतो. अडलात तर मला जरूर कळवा, मी धावत येईन. फक्त बहिणीचा फोटो पाठवू नका.